अर्ज घ्यायला तत्पर, नकारावर गप्प: एमडी-पीएचडीवाल्यांच्या नजरेतून ॲमकॅस

अमेरिकेत एमडी-पीएचडीला, म्हणजे डॉक्टरकीची एमडी आणि संशोधनाची पीएचडी एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमाला, अर्ज करायचा तर ॲमकॅस टाळता येत नाही. एएएमसी या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची ही सामायिक अर्जसेवा. टेक्सासची टीएमडीएसएएस वेगळी, ऑस्टिओपॅथीच्या शाळांची एएसीओएमएएस वेगळी. बाकी बहुतेक सगळा कारभार इथूनच चालतो. त्यामुळे ही सेवा घ्यावी की नाही, हा प्रश्न उरत नाही. नकार आणि वेटलिस्ट पदरात पडल्यावर तिचा उपयोग किती, हे मात्र तपासायला हवं. ते फारसं कोणी तपासत नाही, कारण तोवर पैसे भरून झालेले असतात आणि सगळ्यांचे डोळे शाळांच्या पोर्टलला लागलेले असतात.

आधी आकडे. एमडी-पीएचडीला दरवर्षी दोन हजारांच्या आतबाहेर अर्जदार असतात आणि सातशेच्या आसपास जणांना प्रवेश मिळतो. म्हणजे ढोबळमानाने तिघांतल्या दोघांना त्या वर्षी एमडी-पीएचडीची जागा कुठेच मिळत नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी एमकॅट ५१६ च्या आसपास (या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पट्टी ४७२ ते ५२८) आणि जीपीए, म्हणजे कॉलेजच्या गुणांची सरासरी, ३.८ च्या घरात. नाकारले गेलेलेही याच पट्ट्यात खच्चून भरलेले असतात, हे लक्षात ठेवावं. वर्ग लहान, बहुधा दहा ते वीस जणांचा. फी माफ, वर विद्यावेतन, आणि पुरं व्हायला साधारण आठ वर्षं. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या एमएसटीपी या एमडी-पीएचडी प्रशिक्षण योजनेची सुरुवात १९६४ मध्ये तीन शाळांपासून झाली. आज अशा शाळा पन्नासहून जास्त आहेत, पण प्रत्येक जागेमागे कोणाचं तरी अनुदान लागतं. म्हणून ‘एक विद्यार्थी जास्त घेऊ’ हे एमडीच्या वर्गात जमतं तितकं इथे जमत नाही.

खर्च: पहिल्या शाळेचे १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येक शाळेचे पंचेचाळीसच्या वर थोडे. वीस शाळा निवडल्या की हजार डॉलर गेले. नंतर प्रत्येक शाळेचा दुय्यम अर्ज आणि त्याची वेगळी फी. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना फी-सवलत योजनेतून वीस शाळांपर्यंतचं ॲमकॅस शुल्क माफ होतं, पण मंजुरी अर्ज पाठवण्याआधी हातात हवी. एकदा पैसे भरल्यावर सवलत मागे जाऊन लागू होत नाही.

अर्ज घेण्याचं काम ॲमकॅस चोख करते, यात वाद नाही. नेहमीचा ५,३०० अक्षरांचा निबंध, त्यावर एमडी-पीएचडीसाठी खास दोन: ‘दोन्ही पदव्या का’ यासाठी ३,००० अक्षरं आणि संशोधनाच्या अनुभवासाठी १०,०००. उपक्रमांच्या १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरं, त्यातल्या तीन महत्त्वाच्या म्हणून निवडून आणखी १,३२५. शिफारसपत्रं दहापर्यंत. ट्रान्सक्रिप्टची (कॉलेजच्या गुणपत्रकाची) पडताळणी उन्हाळ्याच्या गर्दीत कित्येक आठवडे खाते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवणारा आणि जुलैअखेर पाठवणारा यांच्यात शाळांच्या टेबलावर फार मोठं अंतर पडतं. पडताळणी झाली की स्थिती ‘प्रोसेस्ड’ दिसते. मग ती तशीच राहते. ऑक्टोबरात इंटरव्ह्यू झाला, जानेवारीत नकार आला, मार्चमध्ये वेटलिस्ट लागली, तरी ॲमकॅसच्या पानावर ‘प्रोसेस्ड’ ते ‘प्रोसेस्ड’च. शाळा काय ठरवते ते तिच्या पोर्टलवर किंवा ईमेलमध्ये कळतं. काही शाळा वसंत ऋतू येईपर्यंत नकारसुद्धा कळवत नाहीत. का नाकारलं हे ॲमकॅस सांगत नाही, सांगू शकतही नाही. तिच्याकडे ती माहितीच नसते. अर्ज भरण्यासाठी पाचात चार गुण, नकाराच्या माहितीसाठी एक, तोही उदार मनाने.

वेटलिस्टवाल्यांच्या खऱ्या उपयोगाचा भाग वेगळ्या नावाखाली आहे: ‘चूझ युवर मेडिकल स्कूल’. २०१९ च्या प्रवेशवर्षापासून हे साधन आलं. त्याआधी कोण किती ऑफर धरून बसलंय याच्या याद्या शाळांकडे नावानिशी जायच्या. आता अर्जदार स्वतः नोंदवतो आणि शाळांना टप्प्याटप्प्याने दिसतं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून ‘प्लॅन टू एन्रोल’ (इथे यायचा विचार आहे) निवडता येतं. तेव्हा शाळेला फक्त आकडा कळतो: आपण ऑफर दिलेल्यांपैकी इतक्यांनी आपल्याला निवडलं. नावं एप्रिल संपताना दिसू लागतात. १५ एप्रिलपर्यंत हातातल्या ऑफर तीनवर आणायच्या, ३० एप्रिलपर्यंत एकीवर.

वेटलिस्ट का आणि केव्हा हलते याचं उत्तर या दोन तारखांत आहे. पाच ऑफर धरून बसलेला अर्जदार १५ एप्रिलला दोन सोडतो, ३० एप्रिलला आणखी दोन. एमडी-पीएचडीच्या शाळा जागांपेक्षा बऱ्याच जास्त ऑफर आधीच देऊन ठेवतात, कारण त्यातले अनेकजण दुसरीकडे जाणार हे त्यांना ठाऊक असतं. वेटलिस्ट उघडते ती त्यांचा अंदाज चुकून कमी लोक आले तरच. त्यात पुष्कळ एमडी-पीएचडी अभ्यासक्रम एमडीच्या वर्गाआधी, जूनमध्येच प्रयोगशाळेतल्या रोटेशनने (वेगवेगळ्या प्रयोगशाळांत आळीपाळीने काम) सुरू होतात. म्हणून एमडीची वेटलिस्ट जुलै-ऑगस्टपर्यंत रांगत राहते, तर एमडी-पीएचडीची हालचाल एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मे महिन्यात बहुतेक उरकते. फेब्रुवारी-मार्चची शांतता म्हणजे नकार असं समजून हातपाय गाळण्यात अर्थ नाही. त्या काळात कोणाचीच यादी हलत नसते. उलट जून उजाडूनही काही कळलं नसेल, तर त्या वर्षापुरता विषय संपला असं धरून पुढच्या तयारीला लागावं.

भारतातून मामा-काकांचा फोन येतो, “वेटलिस्ट नंबर किती?” रेल्वेसारखं बारावरून चारवर आलं, चार्ट लागला, असं इथे काही नसतं. अनेक शाळा यादीला क्रम देतच नाहीत. जागा सुटली की समिती पाहते, कुठल्या विषयाचा माणूस कमी पडतोय. न्यूरोसायन्सचे पाच आले आणि इम्युनॉलॉजीचा एकही नाही, तर यादीतला इम्युनॉलॉजीवाला उचलला जाईल, मग त्याचे गुण थोडे कमी का असेनात. हा भाग ॲमकॅसच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. पण निदान शाळेला विचारता येतं: यादी क्रमवार आहे का, गेल्या वर्षी हलली होती का, अपडेट घेता का. समन्वयक बाईंना दोन ओळींचा नम्र ईमेल पुरतो. हे विद्यार्थ्याने स्वतः विचारायचं असतं. आईबाबांचा फोन गेला, तर कार्यालय गोपनीयतेच्या नियमामुळे काही सांगत नाही, आणि फोन आला होता हे मात्र लक्षात राहतं.

इथे ‘कमिट टू एन्रोल’चा सापळा आहे. ‘प्लॅन’ निवडून दुसऱ्या शाळांच्या वेटलिस्टवर राहता येतं. ‘कमिट’ निवडणं म्हणजे बाकी सगळीकडून, वेटलिस्टमधूनसुद्धा, माघार घेतल्याची कबुली. प्रत्येक शाळा ‘कमिट’साठी आपापली तारीख देते. एका जागेचं पक्कं झाल्याच्या आनंदात मे महिन्याच्या सुरुवातीलाच ते बटण दाबणारे असतात, आणि चार दिवसांनी पसंतीची शाळा यादी उघडते. तारीख येईपर्यंत ‘प्लॅन’वर थांबावं. आणखी एक: ३० एप्रिलनंतर आलेल्या ऑफरला उत्तर द्यायची मुदत आठवड्यांत नव्हे, दिवसांत मोजायची असते. फोन नंबर बदलला असेल तर तो ॲमकॅसमध्ये आणि प्रत्येक शाळेच्या पोर्टलवर, दोन्हीकडे बदलावा. कॉलेजचा ईमेल पदवीनंतर बंद होणार असेल तर तो पत्ता आधीच काढून टाकावा. काही शाळांत वेटलिस्टवर राहायचंय असं पोर्टलवर मुदतीत कळवावं लागतं. कळवलं नाही तर नाव आपोआप गळतं. या फालतू कारणांनी जागा गेलेल्यांची संख्या कोणी मोजत नाही.

पत्रांबद्दल ॲमकॅस काहीच करत नाही, सगळा व्यवहार शाळेशी थेट. पण वेटलिस्टच्या काळात अर्जदाराच्या हातात खरं काम एवढंच असतं, म्हणून जरा सविस्तर. पत्रं दोन प्रकारची. पहिलं, अपडेट: शेवटच्या पत्रव्यवहारानंतर नवं काय घडलं. स्वीकारला गेलेला पेपर, बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर चढलेला प्रीप्रिंट (छापून येण्याआधीचा पेपर), परिषदेतलं पोस्टर, सेमिस्टरचे गुण, प्रयोगशाळेत अंगावर घेतलेलं नवं काम. ‘लिहायला घेतलेला’ पेपर ही बातमी नव्हे. समितीतले सगळे प्राध्यापक स्वतः कित्येक वर्षं तसे पेपर लिहायला घेऊन बसलेले असतात. एक पान, त्याहून जास्त नाही. दुसरं, इराद्याचं पत्र: ‘जागा दिली तर नक्की येईन’. हे फक्त एका शाळेला. एमडी-पीएचडी संचालकांचं जग लहान आहे, ते एकमेकांना ओळखतात, आणि तोच शब्द तिघांना दिलेला उघडा पडला तर तिन्ही दारं बंद. वेळ म्हणाल तर अपडेट फेब्रुवारीत, इराद्याचं पत्र मार्चअखेर ते १५ एप्रिलच्या आत, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ‘अजूनही यायचंच आहे’ एवढं सांगणाऱ्या दोन ओळी. दर पंधरवड्याला पत्र पाठवणाऱ्याची फाइल वर जात नाही, फक्त जाड होते.

त्या शाळेतल्या दोन-तीन प्रयोगशाळांची नावं पत्रात असावीत, पण आधी संकेतस्थळ पाहून घ्यावं. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या प्राध्यापकाचं नाव लिहिलं की पत्राचा सगळा भाव उतरतो. पत्र कुणाला? एमडी-पीएचडी कार्यालयाला, आणि शाळेचा एमडी प्रवेश विभाग वेगळा असेल तर त्याच्या पोर्टलवरही. कित्येक ठिकाणी या दोन समित्या स्वतंत्र असतात आणि एकीकडे दिलेलं दुसरीकडे पोचतंच असं नाही. ‘अपडेट स्वीकारत नाही’ असं शाळेने स्पष्ट लिहिलं असेल तर खरोखरच पाठवू नये.

या दोन समित्यांमुळे एक वेगळाच निकाल येतो: एमडी-पीएचडीला नकार, पण एमडीसाठी विचार चालू. काही शाळा असं करतात, काही करत नाहीत, काही दुय्यम अर्जात आधीच विचारून घेतात. घरात चर्चा होते ती इथे. एमडीची फी मोठी. अमेरिकेत कर्ज घेऊन एमडी होणाऱ्यांच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारण दोन लाख डॉलरचं कर्ज असतं. तरीही हातात आलेली एमडीची जागा ‘पुढच्या वर्षी एमडी-पीएचडी बघू’ म्हणून सोडणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही. पुन्हा अर्ज केल्यावर जागा सोडल्याचा खुलासा द्यावा लागू शकतो आणि दुसऱ्या वर्षीही तोच तिघांतल्या एकाचा हिशेब. उलट अनेक शाळांत पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर आतूनच पीएचडीला अर्ज करता येतो. तो मार्ग त्या शाळेत आहे का, आणि तसे आलेल्यांच्या एमडीच्या उरलेल्या फीचं काय होतं, हे दोन प्रश्न ‘हो’ म्हणण्याआधी लेखी विचारावेत. पीएचडीशिवायही वैद्य-संशोधक होता येतं: एमडीच्या मध्ये एनआयएचमध्ये संशोधनाचं वर्ष, मग संशोधनाला जोडलेली रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण), पुढे नव्या वैद्य-संशोधकांसाठीचं एनआयएचचं के०८ किंवा के२३ अनुदान, आणि कर्जासाठी एनआयएचची परतफेड योजना, जी वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत जाते.

सगळीकडून नकार आला तर फाइल कुठे अडली यावरून दोषाचं निदान करावं. वीस शाळांतून एकही इंटरव्ह्यू नाही, तर दोष कागदावर आहे: उशिरा अर्ज, फक्त नावाजलेल्या शाळांची यादी, कमी एमकॅट, किंवा संशोधनाचा उथळ अनुभव. या शेवटच्या बाबतीत गैरसमज फार. तीन प्रयोगशाळांतले तीन उन्हाळे यांपेक्षा एकाच प्रश्नावर सलग दीड-दोन वर्षं केलेलं काम जास्त वजनदार ठरतं. प्रकाशित पेपर नसतानाही प्रवेश मिळतो. दहा हजार अक्षरांच्या निबंधात बहुतेकजण पद्धतींची जंत्री देतात: वेस्टर्न ब्लॉट केला, पीसीआर केला, उंदीर सांभाळले. समितीला हवं असतं ते प्रश्न काय होता, तुमचा वाटा कोणता, निकाल उलटा आला तेव्हा काय केलंत.

पाच इंटरव्ह्यू आणि पाचही ठिकाणी वेटलिस्ट किंवा नकार, तर कागद ठीक आहे. बोलण्यात कमी पडतंय. नेहमीची ठिकाणं दोन. ‘प्रयोगात हा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) का निवडला’ याला ‘सरांनी सांगितलं होतं’ अशा अर्थाचं उत्तर. आणि ‘फक्त पीएचडी का नको’ याला ‘रुग्णांना मदत करायची आहे’ हे उत्तर; ते खोटं नसतं, पण समितीने ते सकाळपासून सहा वेळा ऐकलेलं असतं. आपल्या विषयाबाहेरच्या प्राध्यापकासमोर पाच मिनिटं फळ्यावर आपला प्रकल्प मांडून पाहिला की कुठे अडखळतो ते लगेच कळतं. काही शाळा जूननंतर दहा-पंधरा मिनिटांचा अभिप्राय देतात. विचारताना ‘मी का नाही’ असं न विचारता ‘फाइल कोणत्या टप्प्यावर थांबली’ असं विचारावं. पहिल्याला गोड उत्तर मिळतं, दुसऱ्याला उपयोगी.

दर वेळी दोष अर्जदाराचाच असतो असंही नाही. २०२५ मध्ये एनआयएचच्या अनुदानात गोंधळ झाला तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन या वैद्यकीय शाळेने जैववैद्यकीय पीएचडीच्या दिलेल्या ऑफरही मागे घेतल्या. अशा वर्षी यादी न हलणं हा पैशाचा निकाल असतो.

पुन्हा अर्ज करणाऱ्यांशी मात्र ॲमकॅस कंजूषपणे वागते. मागच्या वर्षीची शिफारसपत्रं पुढे येत नाहीत. सगळ्यांकडून पुन्हा मागवायची. प्राध्यापकांना मेमध्येच कळवावं आणि जुनं पत्र तारीख बदलून न देता नव्या कामाचा परिच्छेद घालायला सांगावं. निबंधही नवे हवेत, कारण शाळा मागची फाइल जपून ठेवतात आणि दोन्ही शेजारी उघडून पाहतात. एमकॅट वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा देता येते. जुने गुण बऱ्याच शाळा दोन-तीन वर्षांपर्यंतच धरतात, तेव्हा तारीख तपासावी. ५१५ वरून ५१८ साठी परत बसण्यात वेळ घालवण्यापेक्षा तो प्रयोगशाळेत द्यावा. वेळापत्रकाची खरी गोची अशी की नव्या वर्षाचे अर्ज मेअखेर-जूनमध्ये पाठवायचे असतात, तेव्हा जुनी वेटलिस्ट जिवंत असते. दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही, फक्त जुनी जागा मिळाली तर नव्या अर्जाचे पैसे बुडाले असं धरून चालावं. आणि बारा महिन्यांत फाइलमध्ये काही बदललं नसेल तर लगेच जूनमध्ये उडी न घेता एक वर्ष मध्ये सोडलेलं बरं.

शाळांची यादी नव्याने करताना एएएमसीचं एमएसएआर हे शाळांची माहिती देणारं विकतचं साधन घेतलं जातं, वर्षाला तीसेक डॉलर. एमडीसाठी चांगलं. एमडी-पीएचडीसाठी त्याआधी संघटनेचे फुकट तक्ते पाहावेत. कोणत्या शाळेत एमडी-पीएचडीला किती अर्ज आले आणि किती दाखल झाले, हे त्यात शाळेनिहाय मिळतं. एवढी नेमकी माहिती संकेतस्थळाच्या तळघरात का ठेवलीय, कोण जाणे.

न्यू जर्सी, बे एरियातल्या मराठी घरांसाठी एक मुद्दा वेगळा. एमएसटीपीचं टी३२ हे प्रशिक्षण अनुदान नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे, एवढं चालत नाही. एच-४ वर (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) वाढलेली आणि एकविसाव्या वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेली मुलं ॲमकॅसमध्ये आंतरराष्ट्रीय अर्जदार ठरतात, आणि त्यांना स्वतःच्या निधीतून घेणाऱ्या शाळा मोजक्याच. यादी करताना हीच पहिली गाळणी लावावी, नाहीतर सात-आठ नकार निव्वळ कागदपत्रांमुळे येतात आणि मूल उगाच स्वतःला दोष देत बसतं. त्यांच्यासाठी ‘फक्त एमडी’ हा आधारही कच्चा असतो: काही शाळा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याकडून एक किंवा चारही वर्षांचा खर्च आगाऊ जमा करून मागतात. एनआयएचची पदवीनंतरची संशोधन-उमेदवारीही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. मग उरतं ते विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ओपीटीवर, म्हणजे एफ-१ वाल्यांना पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, काम: १२ महिने, आणि विज्ञान शाखेच्या पदवीला आणखी २४. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि ही खिडकी नेमकी वेटलिस्टच्या दिवसांत उघडी असते. वेटलिस्टचा निकाल लागेपर्यंत थांबलेला अर्ज राहून जातो. ओपीटी भरून ठेवावं. नंतर जागा मिळाली तर नोंद नव्या शाळेकडे कशी वळवायची आणि त्याने ओपीटी कधी संपतं, हे कॉलेजच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) एप्रिलमध्येच विचारून घ्यावं. मेमध्ये पदवीदानाच्या गर्दीत त्यांची वेळ मिळत नाही.